स्टारड्यू व्हॅली: मॉड बसवण्यापासून अनुभव लिहिण्यापर्यंत

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ २६ फेब्रुवारी २०१६ रोजी संगणकासाठी प्रसिद्ध झाला. चित्रे, संगीत, संवाद आणि प्रोग्रॅमिंग अशी सगळी कामे एरिक बॅरोन या एकाच माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून केली होती. त्यानंतर हौशी मंडळींनी या खेळासाठी इतके मॉड, म्हणजे खेळात भर घालणारे किंवा बदल करणारे छोटे प्रोग्रॅम, बनवले की आज दोन खेळाडू एकाच नावाचा खेळ खेळत असले, तरी प्रत्यक्षात ते एकच खेळ खेळत असतील याची खात्री देता येत नाही.

नव्या माणसाचा गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘सध्या काय खेळताय, कसा वाटतोय?’ या प्रश्नावर कोणी लिहितो की खेळ फार निवांत आहे, तर दुसरा लिहितो की दिवस पुरतच नाही. दोघेही खरे बोलत असतात. पहिल्याने दिवसाचा वेग कमी करणारा मॉड बसवलेला असतो आणि ते सांगायचे राहून गेलेले असते. म्हणून या लेखात मॉड बसवण्याची रीत आणि अनुभव लिहिण्याची रीत या दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत. मॉड बसवतानाच शिस्त पाळली, तर कोणती गोष्ट खेळाची आणि कोणती मॉडची हे लिहिताना वेगळे करता येते. सगळे एकदम कोंबले, तर पुढे कितीही प्रामाणिकपणे लिहिले तरी ते वाचणाऱ्याच्या उपयोगाचे राहत नाही.

पुढील सूचना विंडोज संगणक आणि स्टीम या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावरून घेतलेला खेळ गृहीत धरून दिल्या आहेत. निन्टेन्डो स्विच किंवा प्लेस्टेशनवर हे मॉड चालत नाहीत, आणि मोबाइलची गोष्ट इतकी वेगळी आहे की ती इथे घेतलेली नाही.

लागणारे साहित्य

- खेळाची विकत घेतलेली, अद्ययावत प्रत. मॉड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला खेळाची ताजी आवृत्ती लागते. इकडून तिकडून मिळवलेली प्रत बहुधा जुनी असते, शिवाय तिच्याबाबत अडचण आली तर मॉडकर्ते मदत करत नाहीत.
- साधा लॅपटॉप. खेळाची किमान गरज २ जीबी रॅम आणि सुमारे ५०० एमबी जागा इतकीच आहे. मोठे मॉड घालणार असाल, तर मात्र यापेक्षा बरीच अधिक मोकळीक ठेवा.
- नेक्सस मॉड्स या संकेतस्थळावरील खाते. ते मोफत मिळते. मोफत खात्याला डाउनलोडचा वेग कमी असतो, पण या खेळाचे बहुतेक मॉड लहान असल्याने त्याने अडत नाही.
- स्मॅपी. याचे पूर्ण नाव ‘स्टारड्यू मॉडिंग एपीआय’. जवळजवळ सगळे मॉड याच्या आधारावर चालतात. तो त्याच्या अधिकृत पानावरून किंवा नेक्ससवरूनच घ्यावा.
- एक वही, किंवा संगणकावरील नोटपॅड.

पायरी १: आधी मॉडशिवाय खेळा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमकी तीच गाळू नये. निदान पहिला वसंत ऋतू, म्हणजे खेळातले २८ दिवस, एकही मॉड न घालता खेळा. खेळातला दिवस सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दोनला संपतो. त्यातली १० मिनिटे खरोखरच्या सुमारे ७ सेकंदांत सरतात, म्हणजे एक पूर्ण दिवस साधारण १४ मिनिटांचा होतो. ही घाई खेळाच्या रचनेचाच भाग आहे. पाणी घालायचे, गावात जायचे, खाणीत उतरायचे, यांतले आज काय सोडायचे हे ठरवण्यातच या खेळाची गंमत आहे, आणि ती अनुभवल्याशिवाय वेळ थांबवणारा मॉड चांगला की वाईट हे ठरवता येत नाही.

मासेमारीचे उदाहरण तर पाहण्यासारखे आहे. वसंताच्या दुसऱ्या दिवशी विली या कोळ्याचे पत्र येते, समुद्रकिनारी गेल्यावर तो बांबूची गळकाठी देतो, आणि पहिला मासा लागताच पडद्यावर एक उभी पट्टी दिसते. माऊसचे बटण दाबून धरले की हिरवा तुकडा वर सरकतो, सोडले की खाली घसरतो, आणि उड्या मारणारा मासा त्या हिरव्या तुकड्यात राखून ठेवायचा असतो. सुरुवातीला मासा हमखास निसटतो. नवा खेळाडू वैतागतो, कोणाच्या तरी सल्ल्याने मासेमारी सोपी करणारा किंवा ही झटापटच वगळणारा मॉड घालतो आणि लिहितो, ‘मासेमारी भिकार आहे, मॉडशिवाय खेळू नका.’ प्रत्यक्षात विलीच्या दुकानात २५ नाण्यांना शिकाऊ गळकाठी मिळते, तिने हिरवा तुकडा मोठा होतो आणि त्या बदल्यात अवघड मासे लागत नाहीत. शिवाय मासेमारीची पातळी वाढेल तसा तो तुकडा आपोआप लांब होत जातो. हे ठाऊक असूनही एखाद्याला हा प्रकार आवडला नाही, तर ते मत ऐकण्याजोगे आहे. ठाऊक नसताना दिलेले मत मासेमारीबद्दल काही सांगत नाही.

या २८ दिवसांत वहीत दोनच प्रकारच्या नोंदी करा: काय खटकले आणि कशात वेळ कसा गेला ते कळले नाही. पुढे कोणते मॉड घ्यायचे हे ‘सर्वोत्तम ५० मॉड’ अशा याद्यांवरून ठरवू नका, या नोंदींवरून ठरवा.

पायरी २: सेव्हची (खेळातल्या साठवलेल्या प्रगतीची) प्रत काढून ठेवा

विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत ‘ॲपडेटा’ हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह लावून लिहा आणि एंटर दाबा. उघडलेल्या जागेत स्टारड्यू व्हॅलीचे फोल्डर आणि त्यात ‘सेव्ह्ज’ हे फोल्डर सापडेल. तुमच्या शेतकऱ्याचे नाव आणि पुढे एक आकडा अशा नावाचे फोल्डर म्हणजे तुमचा खेळ. ते संपूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. आतली एखादी फाइल सुटी उचलू नका.

स्मॅपीसोबत सेव्हच्या प्रती आपोआप काढणारा एक छोटा मॉड येतो आणि तो शेवटच्या १० प्रती जपून ठेवतो. तो उपयोगी आहे, पण मोठा मॉड घालण्याआधी हाताने काढलेली प्रत वेगळ्या ठिकाणी असणे अधिक भरवशाचे. खेळ फक्त रात्री झोपल्यावर सेव्ह होतो, हेही ध्यानात असू द्या. दुपारी काही बिनसले, तर खेळ तसाच बंद करून त्या दिवसाची सकाळ परत मिळवता येते.

पायरी ३: स्मॅपी बसवा

डाउनलोड केलेली झिप फाइल आधी पूर्ण एक्स्ट्रॅक्ट करा. झिपच्या आतूनच इन्स्टॉलर चालवणे ही नवख्यांची अगदी नेहमीची चूक आहे. एक्स्ट्रॅक्ट केलेल्या फोल्डरमध्ये विंडोजसाठीची इन्स्टॉल फाइल दिसेल. ती चालवली की एक खिडकी उघडते आणि आकडे टाइप करून उत्तरे द्यायला सांगते. खेळाचे ठिकाण ती सहसा स्वतःच ओळखते.

शेवटी ती खिडकी एक ओळ दाखवते, जी स्टीममध्ये खेळाच्या ‘प्रॉपर्टीज’खाली ‘लाँच ऑप्शन्स’मध्ये टाकायची असते. ही ओळ हाताने टाइप न करता जशीच्या तशी कॉपी करून चिकटवा. एक अवतरणचिन्ह सुटले तरी खेळ सुरू होत नाही. ही ओळ न टाकता स्मॅपीची फाइल थेट उघडली तरी मॉड चालतात, पण मग स्टीमवर खेळाचे तास आणि बक्षिसे नोंदली जात नाहीत.

यानंतर खेळ सुरू केल्यावर त्याच्यासोबत मजकुराने भरलेली एक वेगळी खिडकी उघडेल. ती बंद करू नका, कारण ती बंद केली की खेळही बंद होतो. तिच्यातला बराचसा मजकूर दुर्लक्ष करण्याजोगा असतो. लाल अक्षरांतल्या ओळी मात्र वाचायलाच हव्यात, कारण एखादा मॉड का वगळला गेला याचे कारण तिथे बहुतेक वेळा सरळ शब्दांत दिलेले असते.

पायरी ४: मॉड एकेक करून घाला

खेळाच्या फोल्डरमध्ये आता ‘मॉड्स’ नावाचे फोल्डर तयार झाले असेल. प्रत्येक मॉडची झिप एक्स्ट्रॅक्ट करून मिळालेले फोल्डर त्यात ठेवायचे. त्या फोल्डरच्या आत ‘मॅनिफेस्ट’ नावाची फाइल असते आणि तिच्यावरूनच स्मॅपी मॉड ओळखतो. फोल्डर न ठेवता आतल्या फाइली सुट्या पसरल्या, की स्मॅपी तक्रार करतो.

मॉडच्या पानावर ‘रिक्वायरमेंट्स’ अशी यादी असते. नव्या कथा, नकाशे किंवा चित्रे आणणारे अनेक मॉड ‘कंटेंट पॅचर’ या मॉडवर अवलंबून असतात, त्यामुळे तो आधी घ्या. बहुतेक मॉडच्या सेटिंगची फाइल खेळ मॉडसह एकदा चालवल्यानंतरच तयार होते. ती शोधत बसण्यापेक्षा ‘जेनेरिक मॉड कॉन्फिग मेन्यू’ घ्यावा, म्हणजे तो वापरणाऱ्या मॉडची सेटिंग खेळातूनच बदलता येते.

पहिल्या फेरीत मी नवख्यांना एवढेच सुचवीन. ‘लुकअप एनीथिंग’ घेतला, की कोणत्याही झाडावर, वस्तूवर किंवा माणसावर माऊस नेऊन एफ-१ दाबल्यावर त्याची माहिती दिसते. ‘यूआय इन्फो सूट २’ आजचे नशीब, वाढदिवस अशा गोष्टी पडद्याच्या कोपऱ्यात दाखवतो. हे दोन्ही मॉड खेळाचे नियम बदलत नाहीत, फक्त माहिती हाताशी आणतात. तेवढ्यानेही खेळाचा स्वभाव थोडा बदलतोच, कारण कोणाला कोणती भेट आवडते हे चाचपडत शोधण्यातली मजा एफ-१ दाबताच संपते. नोंदवहीत हेही लिहावे.

दुसऱ्या फेरीत नियमांना हात घालणारे मॉड येतात, उदाहरणार्थ ‘ऑटोमेट’. एका पेटीला चिकटवून मुरंब्याच्या बरण्या किंवा पिंपे ठेवली, की पेटीतला माल आपोआप आत जातो आणि तयार माल आपोआप पेटीत परत येतो. ‘ट्रॅक्टर मॉड’मध्ये सुतारीणबाई रॉबिनकडून ट्रॅक्टरची शेड बांधून घ्यावी लागते. मूळ सेटिंगप्रमाणे तिला दीड लाख नाणी आणि वर थोडे दुर्मिळ सामान लागते, त्यामुळे तो मिळेपर्यंत तुम्ही शेतीचे कष्ट पुरेसे भोगलेले असता. मॉडने सोय द्यावी पण तिची किंमतही मागावी, हे मला फार रास्त वाटते.

तिसऱ्या फेरीत ‘स्टारड्यू व्हॅली एक्सपांडेड’ किंवा ‘रिजसाइड व्हिलेज’ यांसारखे विस्तार घ्यावेत. नवी माणसे, नव्या जागा, नवे प्रसंग असा हा मोठा पसारा आहे. चालू खेळात ते घुसवण्याऐवजी नवे शेत सुरू करा.

एका वेळी एकच मॉड घाला, त्यासह खेळातले निदान तीन-चार दिवस काढा आणि मगच पुढचा घ्या. हे कंटाळवाणे वाटेल, पण २० मॉड एकत्र घातल्यावर खेळ अडखळू लागला तर दोषी कोण हे शोधण्यात अख्खा रविवार जातो. एखादा मॉड तात्पुरता बंद ठेवायचा असेल, तर त्याच्या फोल्डरच्या नावाआधी एक टिंब द्या; स्मॅपी त्याकडे दुर्लक्ष करतो आणि पुन्हा डाउनलोड करण्याची गरज पडत नाही.

पायरी ५: हे खड्डे टाळा

खेळाच्या मूळ फाइलींवर स्वतःच्या फाइली चढवायला सांगणारे जुने मॉड आजही काही ठिकाणी सापडतात. त्यांना एक्सएनबी मॉड म्हणतात. ते घेऊ नका. खेळ अद्ययावत झाला की ते मोडतात आणि खेळालाही मोडतात. मग स्टीममधून खेळाच्या फाइली तपासून पुन्हा मूळ रूपात आणाव्या लागतात.

नवी वस्तू आणणारा मॉड खेळाच्या मध्येच काढून टाकला, तर तुमच्या पेट्यांमधल्या त्या वस्तूंच्या जागी ‘एरर आयटम’ दिसू लागतो. म्हणून मॉड काढायचा असेल, तर आधी त्याच्या वस्तू विकून किंवा टाकून द्या, आणि सेव्हची प्रत तर काढाच.

मॉडचे पान उघडल्यावर शेवटचा बदल केव्हा झाला ती तारीख पाहण्याची सवय लावून घ्या. १९ मार्च २०२४ रोजी आलेल्या १.६ आवृत्तीने खेळाच्या आत बरेच काही बदलले, वस्तूंना दिलेली ओळखक्रमांकाची पद्धतसुद्धा. त्यामुळे त्याआधीचे अनेक मॉड दुरुस्त करावे लागले आणि काहींना दुरुस्त करायला कोणी उरलेच नाही. डाउनलोडचा आकडा लाखांत असला, तरी त्यावरून मॉड आज चालेल असे ठरत नाही.

पायरी ६: खेळतानाच नोंद ठेवा

आठवणीवर विसंबून लिहिलेला अनुभव फार लवकर गुळगुळीत होतो. ‘मस्त आहे’, ‘वेळ वाचतो’ यापलीकडे काही उरत नाही. रात्री झोपताना खेळ सेव्ह होत असतो, तेवढ्या वेळात दोन ओळी लिहून होतात. नोंद साधारण अशी असावी:

‘पहिले वर्ष, उन्हाळा १४. आज पहिल्या ब्लूबेरी तोडल्या. ऑटोमेट चालू. पेटीभोवती बरण्या लावल्या आहेत, फळे पेटीत टाकली आणि निघालो. एक ब्लूबेरी ५० ला जाते, तिची जेली १५० ला. एरवी प्रत्येक बरणीपाशी उभे राहून फळ घालावे लागले असते, तो वेळ खाणीत गेला. पैसे भराभर साठतील असे दिसते. मग बी कोणते घ्यायचे याचा विचार करायचे कारणच उरणार नाही की काय?’

या नोंदीत मॉडचे नाव, खेळातली तारीख, मूळ खेळात काय झाले असते ते, आणि मनात आलेली शंका असे चारही घटक आहेत. शेवटची शंका सगळ्यांत मोलाची, कारण पुढच्या ऋतूत तिचे उत्तर मिळते आणि लेखाचा गाभा बहुधा तिथेच सापडतो. ऑटोमेटबाबत माझे मत असे, की दुसऱ्या वर्षाच्या आधी तो घालू नये. हातात माल कमी असताना तो खेळातली चणचण काढून टाकतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत चणचण हीच खेळवत ठेवते.

चित्रे जोडायची असतील, तर स्टीमचे एफ-१२ आहेच. शिवाय खेळाच्या ‘ऑप्शन्स’मध्ये कॅमेऱ्याचे बटण आहे, त्याने संपूर्ण शेताचे एकच मोठे चित्र मिळते. शेताची मांडणी दाखवायला ते अधिक चांगले.

पायरी ७: अनुभव लिहा

सुरुवातीलाच एका परिच्छेदात परिस्थिती सांगा: खेळाची आवृत्ती, स्मॅपीची आवृत्ती, कोणते शेत निवडले, खेळातले कितवे वर्ष चालू आहे आणि कोणते मॉड चालू आहेत. पहिले दोन आकडे स्मॅपीच्या खिडकीत अगदी वरच मिळतात. मॉडची सेटिंग बदलली असेल तर तेही लिहा, कारण दीड लाखांचा ट्रॅक्टर कोणी पाच हजारांना करून घेतला असेल, तर त्याचा आणि इतरांचा अनुभव जुळण्याचे कारण नाही. या खेळाच्या अधिकृत भाषांत मराठी किंवा हिंदी नाही, त्यामुळे आपण मराठीत लिहिले तरी मॉडची आणि पात्रांची नावे मूळ उच्चाराप्रमाणे ठेवलेली बरी. वाचणाऱ्याला ती शोधता आली पाहिजेत.

त्यानंतर एकच गोष्ट निवडून तिच्यावर सविस्तर लिहा. दहा मॉडवर दोन-दोन ओळी लिहिण्यापेक्षा एका मॉडने सकाळचा क्रम कसा बदलला हे नीट सांगणे केव्हाही उपयोगाचे. विस्तारांबद्दल लिहिताना नवी पात्रे मूळ गावात मिसळून जातात की उपरी वाटतात, त्यांचे संवाद पेलिकन टाउनच्या, म्हणजे खेळातल्या मूळ गावाच्या, माणसांसारखे साधे आहेत की पल्लेदार, हे पाहा. कथेतील वळणे उघड करणार असाल, तर त्या परिच्छेदाच्या आधी स्पष्ट इशारा द्या. सणांच्या तारखा सांगण्यास हरकत नाही. सामुदायिक सभागृहाचे पुढे काय होते हे मात्र ज्याचे त्याने पाहावे.

बिघाड आणि मत यांची गल्लत करू नका. खेळ बंद पडला, चित्र काळे दिसले किंवा पात्र भिंतीत अडकले, तर तो बिघाड. स्मॅपीच्या अधिकृत पानावर लॉग (त्या खिडकीतल्या मजकुराची फाइल) चढवून मिळणारा दुवा मॉडच्या पानावर द्या, आणि काय करत असताना ते झाले हे क्रमाने सांगा. मॉड चालू असताना आलेली अडचण खेळाच्या निर्मात्याकडे नेऊ नये. आधी सगळे मॉड बंद करून ती तरीही येते का ते पाहावे. मॉडकर्ते बहुतेक वेळा फुकट आणि फावल्या वेळात काम करतात, हे तक्रारीची भाषा निवडताना आठवावे. मत मात्र मोकळेपणाने द्या. फुकट मिळाले म्हणून कंटाळवाण्या संवादांना गोड म्हणण्याची गरज नाही.

पायरी ८: आवृत्ती बदलली की

स्टीमवर खेळाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये, खेळ सुरू करतानाच तो अद्ययावत करावा, असा पर्याय निवडता येतो. शेत ऐन रंगात असेल तर तो निवडून ठेवा. मोठी आवृत्ती आली, की आधी सेव्हची प्रत, मग स्मॅपी, मग एकेक मॉड या क्रमाने अद्ययावत करा; कोणत्या मॉडची नवी आवृत्ती आली आहे हे स्मॅपी सुरू होतानाच सांगतो.

तुम्ही आधी लिहिलेल्या मजकुराचीही हीच गत होते. ज्या मॉडला तुम्ही संथ म्हटले, तो पुढच्या आवृत्तीत सुधारलेला असू शकतो. जुने वाक्य पुसू नका. त्याच्या वर तारीख, नवी आवृत्ती आणि काय बदलले याची एक ओळ लिहा, आणि त्या आवृत्तीत तुम्ही स्वतः खेळला नसाल तर तेही त्याच ओळीत नमूद करा.